न पुसलेली ओळ

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या जन्मात एकही निर्णय एकट्यानं घेतला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मूळचे करकंबचे, नोकरीपायी सोलापुरात येऊन सात रस्त्याजवळच्या गल्लीत स्थिरावलेले हे गृहस्थ मंडईत वांगी घ्यायची तरी शेजारच्या दोन गिऱ्हाइकांचं मत घेत. एकदा न्हाव्याकडं मिशी ठेवावी की काढावी यावर बाकावरच्या मंडळींची मतं समसमान पडली, तेव्हा साबण लावलेल्या तोंडानं ते रस्त्यावर येऊन आणखी एका माणसाची वाट पाहत उभे होते. मामींनीच त्यांना हाताला धरून घरी आणलं.

अशा माणसाला गल्लीनं फळ्याचा पंच म्हणून निवडून दिलं. गल्लीच्या तोंडाशी, मामांच्या दारासमोरच, एक काळा फळा होता. त्यावर कुणीही खडूनं बातमी, तक्रार, टोमणा लिहावा, आणि लिहिलेलं ठेवायचं की पुसायचं हे निवडलेल्या तीन पंचांनी ठरवावं, अशी पद्धत. बाकीचे दोघे म्हणजे शाळेतल्या एक बाई आणि मागावर साड्या विणणारे अण्णा. अण्णांचा खाक्या असा, की आधी पुसायचं आणि मग काय होतं ते विचारायचं. मामांनी पहिल्याच बैठकीत नियम घातला, “पुसल्याबिगर पुसायचं न्हाय.” अण्णांच्या घरची भाषा तेलुगू, त्यांना या दोन पुसण्यांतला फरक समजावण्यातच ती बैठक संपली. शेवटी ठरलं, की दोघांचं एकमत झाल्याशिवाय फडकं भिजवायचं नाही, आणि ज्या पंचावर लिहिलं असेल त्यानं मत द्यायचं नाही.

मामांची मुलगी शालन लग्नाची होती. माढ्याचे पाहुणे तिला बघायला यायचे होते, त्याच सकाळी फळ्यावर ठळक ओळ उमटली: ‘पंचमामा नळावर नंबर मोडतात.’ पाणीटंचाईचे दिवस, आणि रांगेत मागच्या प्रत्येकाला ‘तुमी म्होरं जाता का’ असं विचारून मोकळी घागर घरी आणणाऱ्या माणसावर हा आरोप! अण्णा फडकं भिजवून तयारच होते. पण बाई बहिणीकडं अक्कलकोटला गेलेल्या, म्हणजे दुसरं मत नव्हतं. मामांनी अण्णांचा हात धरला. मामी रडल्या, मी हात जोडले. शालन दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

“माज्यावर लिवलंय म्हनून नियम मोडला, तर उद्या दुसऱ्याला कुन्या तोंडानं सांगायचा?” असं म्हणून मामा फळ्याखालीच बसून राहिले.

पाहुणे आले, त्यांनी ओळ वाचली, चहा घेतला. मुलाच्या वडिलांनी तो आरोप मनावरही घेतला नाही. दारातली एक ओळ ज्याला पुसता येत नाही, त्याच्याशी लग्नाची बोलणी कशी करायची, एवढंच म्हणून ते उठले. संध्याकाळी बाई परतल्या, अण्णांना हो म्हणाल्या आणि ओळ पुसली गेली.

मामा घरात आले ते थेट शालनपुढं बसले. “माजं चुकलं का गं पोरी?”

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नियम बरोबर हाय की, दादा. पर अवघ्या गल्लीला इचारता तुमी. मला कुटं इचारलं?”

मामांनी सवयीनं माझ्याकडं पाहिलं, मग मामींकडं. आम्ही दोघंही खाली बघत राहिलो. त्या घटकेला मला त्यांची फार माया आली. ते पुढं सरकले आणि तिच्या सुपातले खडे वेचू लागले. थोड्या वेळानं शालननं सूप त्यांच्याकडं जरासं सरकवलं.