ल्यूर्सच्या टोपाची दोन भोकं

डेटलेफ विटे जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या माळरानावरच्या गावांची धुराडी साफ करायचा, पण त्याची नजर धुराड्यापेक्षा लोकांच्या माळ्यावरच जास्त. तिथे दुसऱ्या महायुद्धातलं जे काही गंजत पडलेलं दिसे, ते तो मागून आणायचा. पट्टे, जेवणाचे डबे, फावडी, एकदा तर चिलखती गाडीचं दारच. गेझिनेची, म्हणजे त्याच्या बायकोची, शिवणाची खोली या पसाऱ्याने कधीच गिळली होती.

"मलाही एका खुंटीला टांग," ती म्हणायची. "निदान रोज पुसशील तरी."

या सगळ्यात त्याचा जीव अडकला होता सैनिकाच्या डोक्यावरच्या एका लोखंडी टोपात. जुन्या बाजारात मिळालेला. आतल्या बाजूला रंगाने नाव लिहिलेलं, 'हा. ल्यूर्स', आणि कडेला शेजारी शेजारी दोन भोकं. ती पाहिली आणि डेटलेफने ल्यूर्सला तिथल्या तिथे वीरमरण देऊन टाकलं. ल्यूर्ससाठी हळहळावं की नेमबाजाचं कौतुक करावं, हे बघायला येणाऱ्यांना कळत नसे.

मग त्याने ल्यूर्सचा माग काढायला घेतला. जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांत जाऊन, घशाखाली उतरणार नाही अशी कॉफी पिऊन, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. ल्यूर्स कुठल्या पलटणीत, कुठला हिवाळा कुठे, पोट बिघडून इस्पितळात कधी, सगळं गोळा झालं. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस विसरणाऱ्या या माणसाला ल्यूर्सचे जुलाब तारीखवार पाठ होते. चव्वेचाळीसच्या शरदात, पूर्व आघाडीवर मेमेलजवळ, माग तुटला.

डेटलेफचे वडीलही तिकडेच कुठेतरी बेपत्ता झाले होते. त्यांच्या कोटाचं बटणसुद्धा घरी आलं नाही. हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

नोव्हेंबरात गावच्या स्मारकापाशी युद्धातल्या मृतांचा दिवस पाळतात. यंदा ल्यूर्सचं नाव त्या दगडावर कोरायचंच, असं डेटलेफने ठरवलं. घरच्यांची संमती हवी होती. पत्ता निघाला शेजारच्याच तालुक्यातला. काळा कोट चढवून, टोप काखेत मारून, स्वारी विधवेच्या समाचाराला निघाली.

दार उघडलं ते सपाता घातलेल्या एका म्हाताऱ्याने.

"हाइनरिश ल्यूर्स यांच्या घरच्यांना भेटायचंय," डेटलेफ खालच्या आवाजात म्हणाला.

"घरचे परसात आहेत. ल्यूर्स मीच."

"काका, तुम्ही तर गेलात."

"बायको पण हेच म्हणते. कामाला हाक मारली की मी मेलेला असतो." म्हाताऱ्याने टोप उलटासुलटा केला आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं हेर्टा, आपला शेणपाण्याचा डोल सापडला!"

"डोल?"

"या भोकांत स्क्रू आवळून दांडा बसवला होता. कितीतरी वर्षं कोबीला खत घातलं याने."

असे दांडेवाले टोप डेटलेफने लहानपणापासून परसापरसात पाहिले होते. दांडा काढलेला पाहिला, तेव्हा मात्र त्याला गोळ्याच दिसल्या. त्याला भयंकर राग आला, आणि तोही या माणसाच्या जिवंत असण्याचा.

"मी रडलोय तुमच्यासाठी, काका. एवढं तुमचं शौर्य..."

"कसलं शौर्य? रसदीची गाडी हाकली. दोन्ही बाजूंना लोकांची गावं जळत होती, आणि जाळणारे आपलेच. शेवटी पलटण मोडली, तसा पायी घरी आलो. पाऊस होता म्हणून टोप डोक्यावर राहिला, एवढंच."

हेर्टाकाकूंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कोबी, सॉसेज आणि बटाटे वाढले. कोबीकडे डेटलेफने जरा जपूनच पाहिलं. मग भूक जिंकली. खाता खाता त्याने विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा मुलंबाळं होती?"

"एक मुलगा, चार वर्षांचा. मला बघून चुलीमागे लपला. या माणसाला घालवून दे म्हणून आईपाशी नुसता आकांत. कितीतरी दिवस जवळ येईना."

डेटलेफने काटा खाली ठेवला.

"मीही लपलो असतो," तो म्हणाला. "फक्त बाबा यायला हवे होते."

त्याचे डोळे भरून आले, आणि या वेळी ते ल्यूर्ससाठी नव्हतं. काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.