अनंताचं अर्थिंग

आमचे हे पॉवरहाऊसात वायरमन होते, आणि घरी आले तरी वायरमनच असायचे. डोंबिवलीला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. गॅलरीत माझी एकच कुंडी, अनंताची. लग्नानंतर निघताना माहेरच्या विहिरीजवळच्या झाडाची फांदी आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. पुढे आई गेली आणि भावानं खोली वाढवायला ते झाडच तोडलं. आईचं म्हणून जे काही उरलं, ते त्या कुंडीत. हे ह्यांना ठाऊक होतं, बरं का!

तीन वर्षं झाली तरी झाडाला कळी नाही. मी म्हणत होते, शेणखत आणा. ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की कुंडीतल्या झाडांना जमिनीतली वीज मिळत नाही म्हणून ती खुरटतात. झालं!

"अगं, झाड अधांतरी आहे आपलं. त्याला अर्थिंग नको?"

"अहो, ते झाड आहे, पंखा नाही."

ऐकतील तर शपथ. कल्याणहून तांब्याची तार आणली. एक टोक मुळांशी पुरलं, तार कठड्यावरून दोन मजले खाली सोडली, आणि भिंतीलगत खड्डा खणून दुसरं टोक त्यात गाडलं. त्यावर, ह्यांच्या कामावर घालतात तसं, मीठ आणि कोळसा. माझं बरणीभर खडेमीठ गेलं! वाळत घातलेली लुगडी त्या तारेत अडकायची, हिरवे डाग पडायचे. खालच्या काकू विचारायच्या, "रेडिओ घेतलात का गं?" काय सांगणार कपाळ!

मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी पंधरा दिवस माहेरी गेले. निघताना ह्यांना तीनतीनदा बजावलं, "अनंताला रोज पाणी. एक दिवस चुकवायचं नाही."

"रोज घालीन," हे म्हणाले.

परत आले तर कुंडीत नुसती काटकी. पानं काळी पडून गळलेली, माती भेगाळलेली. बोट खुपसलं तर आत जाईना. पिशवी माझ्या हातातच राहिली.

"तुम्ही पाणी घातलंच नाहीत!"

"शपथेवर सांगतो, रोज घातलं."

वर आणि खोटं बोलतात! मी तोंड सोडणार, तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. "रागावू नकोस गं त्यांना. नळ कोरडा होता, तर विहिरीवरनं बादली भरून आणायचे. रोज सकाळी, न चुकता. त्या तारेपाशी ओतायचे."

खड्ड्यात! अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यायचा नाही, हा ह्यांचा नोकरीतला धडा. खड्डा ओला असला की तार आपलं काम करते, मग वर झाडाला काय कमी, असा ह्यांचा हिशेब. पंधरा दिवस ह्या माणसानं ओढून ओढून पाणी आणलं आणि मिठाला पाजलं. माझं झाड वर तहानेनं मेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते आठवलं की आता लाज वाटते, तेव्हा नाही वाटली. "माझी आई तुम्ही दुसऱ्यांदा मारलीत," असंही म्हणाले. संध्याकाळी ह्यांनी तार गुंडाळून माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पाण्याचा आवाज आला. हे कुंडीत तांब्या रिकामा करत होते. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. आठवडा झाला आणि माझा धीर सुटला.

"अहो, मेलंय ते! कळत नाही का? पुरे करा आता."

"रोज घालीन म्हणालो होतो ना," हे म्हणाले, आणि तांब्यात उरलेलं पाणी हळूच बुंध्याशी ओतलं.

मला इतका संताप आला, की रडूच कोसळलं. आई गेली तेव्हासुद्धा मी तशी रडले नव्हते.