मारुतीआण्णांचा मोठा आवाज

मारुतीआण्णा ओंडक्यातला दोष कधी हळू आवाजात सांगत नसत. विकणारा समोर, घेणारा शेजारी, तरी हे ओरडायचे, "आतनं पोकळ हाय! तिसऱ्या नंबरात टाका!" विकणारा कानाशी येऊन "पावणं, जरा दमानं" म्हणाला की म्हणत, "हळू बोलून भोक बुजतंय व्हय?"

ते मूळचे चंदगडचे. शिरोली एमआयडीसीजवळच्या आमच्या लाकूड वखारीत त्यांनी तीस वर्षं ओंडके मोजले, त्यांची प्रत ठरवली. मी नवीन होते. ते फीत धरून घेर सांगत, मी लिहून घेई.

त्या दुपारी एका थप्पीतल्या तळच्या ओंडक्याखालून फीत जाईना. मध्ये दगड होता. मी तो ओढून काढला. ओंडका गडगडला आणि आण्णांचा पाय गुडघ्यापर्यंत त्याच्याखाली सापडला. वरचा ओंडका तिरका होऊन त्यांच्या डोक्याच्या वर अर्धवट अडकून राहिला. हमाल धावत आले.

"थांबा! कुणी हात लावू न्हका!" आण्णा ओरडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सुरेखा, वरचा हलतोय काय?"

"नाही, आण्णा."

"नीट बघून सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू न्हको."

मी पुन्हा बघितलं. साल करकरत होती. "हलतोय," मी म्हणाले. "बोटभर सरकला."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मग हातातला दगड त्याच्याखालच्या फटीत सार. जवळ तूच हायस."

मी वाकले. वरून भुसा मानेवर पडत होता. दगड आत गेला, ओंडका त्यावर टेकला आणि थांबला. मग हमालांनी पहारी लावून आण्णांना ओढून काढलं.

दवाखान्यात मालकांनी विचारलं, "दगड कुणी काढला?"

मी खाली बघत राहिले.

"हिनं काढला," आण्णा म्हणाले. "आणि दगड काढायचा नसतोय, हे मी हिला सांगितलं न्हवतं. दोघांचंबी चुकलंय."

मालकांनी मला कामावर ठेवलं. आण्णांचा पाय मात्र सरळ झाला नाही. ते काम सोडून गावी निघाले, त्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली तेव्हा मी म्हणाले, "आण्णा, मालकांना मीच सांगायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "सांगायला पायजे हुतंस."

मग कुबडी धरायला माझ्या हातात देऊन, दाराचा दांडा धरून ते एका पायावर गाडीत चढले.