तारीख वाचताना पडलेली आठी

आठ्या घालवायला ताई कपाळात इंजेक्शन घेणार, हे ऐकून मी तिला नाही नाही ते बोलले होते. तरी सोबत गेले मीच.

आधी ती पार्लरमध्ये जाऊन आली होती. तिथल्या बाईंनी भरलेलीच सिरिंज आणली. "बाटली कुठाय?" या प्रश्नाला धड उत्तर आलं नाही, तशी ताई उठून घरी आली.

या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, "जरा रागावून दाखवा. आठी कुठे पडते ते पाहू."

हुकमी राग काही ताईला येईना. तिला हसूच फुटलं. मग डॉक्टरांनी इवलीशी बंद बाटली तिच्या हातात ठेवली. "सील बघा. नाव, तारीख स्वतः वाचा, मगच उघडते."

ताईनं चष्मा आणला नव्हता. तिनं बाटली उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि भुवयांच्या मधोमध खोल आठी उमटली.

"हीच!" डॉक्टर म्हणाल्या.

मी ती ओळखत होते. आईच्या आजारपणाची सहा वर्षं ताईनं प्रत्येक औषध असंच उजेडात धरून वाचलं. मी महिन्यातून एकदा फळं घेऊन जायचे. लोक तिला विचारत, "रागावलात का?" आठी कशानं पडली, हे कपाळ थोडंच सांगतं!

"तीन-चार महिन्यांनी औषधाचा असर उतरला की आठी परत दिसू लागेल. चालेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालेल," ताई म्हणाली. "आता कुणाच्या बाटल्या वाचायच्यात?"

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि डोळे बारीक करून तारीख पुन्हा एकदा वाचली.