वहिनींचा खांदा

फिजिओथेरपीच्या खोलीत वहिनी भिंतीवरून बोटं चालवत उजवा हात वर नेत होत्या. चेहरा वेदनेनं आकसत होता, पण हात खाली येत नव्हता.

वहिनी शाळेत मुलींना मल्लखांब शिकवतात. हात सुटलेल्या एका मुलीला झेलताना त्यांच्या खांद्याचा स्नायुबंध फाटला. "नुसतं शिवून भागणार नाही. वरून डुकराच्या कातडीपासून केलेली पट्टी लावावी लागेल," डॉक्टर म्हणाले. जन्मात अंडंही न खाल्लेल्या वहिनींनी संमतीपत्र दोनदा वाचलं. मग डाव्या हातानं त्यावर सही केली.

आज मी न राहवून विचारलं, "अजून मनात येतं का हो ते डुकराचं?"

"रोज येतं. त्या जनावराला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तर एकही दिवस व्यायाम चुकवत नाही."

कुणी आपणहून दिलेल्याचे आभार तरी मानता येतात. न विचारता घेतलेल्याचं काय करायचं, हे मला कधी सुचलं नव्हतं. वहिनींनी त्याचं उत्तर कष्टानं शोधलं होतं.

थेरपिस्ट म्हणाली, "दुखतंय ना? थांबूया."

"दुखतंय. म्हणजे ते कातडं आता माझंच झालंय," वहिनी म्हणाल्या, आणि बोटं आणखी वर सरकली.