सायकलच्या हँडलची नळी

बोळिंजच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीला अगदी चिकटून बेसिलचं दुकान आहे. एक शटर, एक लाकडी बाक, बाकावर वस्तू आवळून धरणारा व्हाइस, भिंतीला खिळ्यांवर टांगलेली हत्यारं आणि दोन स्टुलं. गेले आठ महिने हे शटर अर्धंच वर जातं. बेसिल सकाळी येतो, हत्यारांवर बसलेलं गिरणीचं पीठ फडक्यानं पुसतो, थोडा वेळ बसतो आणि कुलूप लावून घरी जातो. कोणी काम घेऊन आलंच तर पाठ दुखते म्हणून सांगतो. पाठ त्याची एकाहत्तराव्या वर्षीही ठणठणीत आहे.

त्या शुक्रवारी मात्र तो हत्यारं पुसत नव्हता, पोत्यात भरत होता. मुलीनं, एलिसानं, त्याला वसईला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं आणि तिनंच सांगून ठेवलेला भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. बेअरिंग खेचून काढायचा पुलर गेला, पाने गेले, चार हातोड्यांपैकी तीन गेल्या. मग हाताला वीतभर लांबीची, चकाकी उडालेली एक नळी लागली आणि काम तिथंच अडलं. बेसिल ती पोत्यात टाकेना आणि खालीही ठेवेना.

बेसिलचा धंदा अल्टरनेटरचा. गाडी चालू असताना बॅटरी भरत ठेवणारं हे यंत्र, जुनी माणसं त्याला अजून डायनामोच म्हणतात. त्यात एक दांडा गरगर फिरतो, आणि तो ज्यांच्यावर फिरतो ती बेअरिंगं झिजली की गाडी कण्हायला लागते. जुनं बेअरिंग खेचून काढायचं आणि नवं ठोकून बसवायचं, ऐकायला सोपं आहे. पण बेअरिंगला दोन कडी असतात, एक आत, एक बाहेर, आणि मध्ये छर्रे. दांड्यावर चढवायचं तर ठोका आतल्या कड्यालाच लागला पाहिजे. बाहेरच्या कड्यावर मारलं की तो मार छऱ्यांमधून जातो, आणि वाईट असं की त्या दिवशी काहीच कळत नाही. गिऱ्हाईक खुशीत घरी जातं. दीड-दोन महिन्यांनी आवाज सुरू होतो, मग ते कारागिराच्या नावानं बोटं मोडत बसतं.

म्हणून नळी लागते. दांड्यावरून सहज उतरणारी आणि खाली बरोबर आतल्या कड्यावरच टेकणारी. मोठ्या वर्कशॉपवाल्यांकडे दाबून बसवायचं प्रेस असतं, विकतचे संच असतात. बेसिलनं आपला संच मिळेल त्यातून जमवला. एक नळी पीटरच्या विहिरीवरल्या पंपाच्या पायपाची, एक मोडक्या खाटेच्या पायाची, एक कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातून मागे राहिलेल्या खांबाची. प्रत्येकीचं तोंड त्यानं कानशीनं घासून, काचेवर उभं करून तपासलेलं. पण सगळ्यांत जास्त राबली ती ही वीतभर नळी. ती कार्मिनच्या सायकलच्या हँडलची होती.

कार्मिन त्याची बायको, माहेर नंदाखालचं. ब्याऐंशी साली लग्न होऊन आली ती स्वतःची सायकल घेऊन. नवी सून सायकलवरून चर्चला जाते म्हणून गावात ज्यांना नाकं मुरडायची होती त्यांनी ती यथासांग मुरडली, आणि कार्मिन त्यांच्याच दारावरून घंटी वाजवत गेली. दुपारी ती डबा घेऊन दुकानात यायची आणि बेसिल जेवेपर्यंत रस्ता बघत बसायची. शहाऐंशी साली भाजीचा एक टेम्पो मागे येता येता उभ्या सायकलवरून गेला. कार्मिनला खरचटलंसुद्धा नाही, पण ती दोन दिवस जेवली नाही. आणि बेसिलनं काय करावं? नवऱ्यांना काही बाबतीत अक्कल उशिराच येते. त्यानं त्या मोडक्या सायकलचं हँडल मापलं, माप बरोबर जुळलेलं बघून त्याला राहवलं नाही, आणि त्यानं करवतीनं वीतभर तुकडा कापून घेतला.

तिसऱ्या दिवशी कार्मिन पायी डबा घेऊन आली तेव्हा तो तुकडा पकडीत धरून बेसिल ठोके मारत होता. नळी तो नेहमी पकडीतच धरायचा. त्याच्या उस्तादाचा अंगठा हातोडीखाली चेचला होता, ते बघितल्यापासून त्यानं बोटं जवळ नेली नव्हती. कार्मिननं नळी ओळखली. बेसिलला वाटलं, आता डबा डोक्यात बसणार. पण तिनं दुसरं स्टूल ओढलं, पक्कड त्याच्या हातातून काढून घेतली आणि नळी सरळ चिमटीत धरली.

"बोटं चेचतील," बेसिल म्हणाला.

"नीट मारा, म्हणजे नाही चेचणार. सायकल माझी, हँडल मीच धरणार."

त्या दिवसापासून ते स्टूल तिचं झालं. तो ठोकायचा, ती धरायची. अडतीस वर्षांत तिच्या बोटावर एकदाही हातोडी पडली नाही, याचा बेसिलला दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त अभिमान होता.

या कामात थांबायचं कधी, ही खरी मेख. बेअरिंग दांड्यावरून खाली सरकत असतं तोवर ठोक्याचा आवाज बोदा येतो. तळाशी टेकलं की तो एकदम टणक होतो. तिथं हात थांबला पाहिजे. बेसिलला हे लांबूनही ऐकू यायचं. चालू अल्टरनेटरला लांब पेचकस लावून त्याची मूठ कानाशी धरली की आत काय बिनसलंय ते तो सांगायचा. बेसिलचा कान म्हणून अर्नाळ्यापासून तुळिंजपर्यंत नाव झालं होतं, आणि नाव झालं की माणूस थोडा फुगतो, तसा तोही फुगला होता.

मग एकदा, दोन हजार दोनच्या सुमारास, तो ठोकत होता आणि कार्मिन म्हणाली, "बसलं." त्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं नळी काढून बघितलं, बेअरिंग खरंच बसलं होतं. पुढच्या खेपेलाही तसंच. समोरचा मोठ्यानं बोलला तर त्याला कळायचं, पण बारीक फरक कानातून निघून गेले होते ते गेलेच. त्यानं कोणाला सांगितलं नाही. कार्मिननं विचारलं नाही, फक्त ती दर वेळी "बसलं" म्हणायला लागली. दोन वर्षांनी शेजारी गिरणी आली. तिची घरघर बेसिलला लांबून कुठून तरी आल्यासारखी वाटायची आणि तो तिला विसरूनही जायचा. पेचकस तो अजून ऐटीत कानाला लावायचा, लावून कार्मिनकडे बघायचा. ती अल्टरनेटरवर हात ठेवून उभी असायची. तिनं मान हलवली की बेसिल गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगायचा, मागचं बेअरिंग गेलंय.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कार्मिन तीन दिवस आजारी पडली आणि गेली. लोकांना वाटलं, दुःखानं बेसिलचे हात आखडले. ते खोटं नव्हतं. पण नुसतं दुःख असतं तर ते पोटाशी धरूनही त्यानं काम केलं असतं. आता "बसलं" कोण म्हणणार, ही त्याची खरी भीती होती. एखादं बेअरिंग आपल्या हातून मार खाऊन जाईल, दोन महिन्यांनी ओरडेल आणि बेसिलचा कान बेसिलचा नव्हताच हे गावाला कळेल.

नळी हातात घेऊन तो तसाच बसला असताना शटरखालून वाकून पुतळाबाई आत आली. पुतळाबाई अर्नाळ्याची, मासळीचा धंदा, स्वतःचा टेम्पो. तीस वर्षांची गिऱ्हाईक. मासळीच्या पाटीतून तिनं अल्टरनेटर काढून बाकावर आपटला, कागदात गुंडाळलेलं नवं बेअरिंग त्याच्या शेजारी ठेवलं आणि सरळ कार्मिनच्या स्टुलावर बसली. आठ महिन्यांत तिथं कोणी बसलं नव्हतं. बेसिलला ते आवडलं नाही, पण पुतळाबाईला ऊठ म्हणणारं माणूस अर्नाळ्यातही नव्हतं.

"दोन म्हैन्यांमागं दुसरीकडं बसवून घेतला. आता शंख फुंकतो," ती ओरडून म्हणाली. "तू कर, बेसिलभाऊ."

"पाठ दुखते, पुतळाबाई."

"बेअरिंग काय पाठीनं बसवतोस?"

बेसिलनं पोत्याकडे बघितलं. उद्या हे सगळं भंगारात जाणार होतं, मग लपवायचं तरी कोणासाठी? आणि तो बोलून गेला. "मला कान नाही. बावीस वर्षं झाली. बसलं म्हणून कार्मिन सांगायची, तिला ऐकू यायचं. मी नुसता ठोकायचो."

एवढं बोलून तो वाट बघत राहिला. पुतळाबाई थक्क होईल, निदान हसेल. तिनं बाकावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पीठ त्याला दाखवलं.

"ही गिरनी सकालपास्नं चालू हाय. मी इथं गला फाडून ओरडते ती काय हौसेनं? हिच्या बाजूला बसून कार्मिनबायला काय ऐकू येनार होतं?"

बेसिल त्या पिठाकडे बघत राहिला. वीस वर्षं तो रोज हेच पीठ पुसत होता, आणि हा विचार एकदाही त्याच्या मनात आला नव्हता.

"मी इचारलं होतं तिला," पुतळाबाई म्हणाली. "ती म्हनाली, ऐकते कुठं, बोटाला कलतं. बेअरिंग खाली जातंय तोवर नली ठोका गिलते. बसलं का बोटाला उलटी झिनझिनी येते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तूच धरली असतीस ना नली. मंग तिनं इथं कशाला यायचं? मला म्हनाली, पुतला, त्यांना बोलू नको हां. त्यांना वाटूं दे माझ्या कानाबिगर अडतंय. नायतर घरात बसून मी भिंती बघू काय? इथं रस्ता हाय, मानसं येतात, आनि हे हायेत."

बेसिलला हसू आलं. आपली लाज झाकण्यासाठी कार्मिन इथं बसते, असं तो इतकी वर्षं समजत होता. तिच्या उपकाराचं ओझं वाटायचं, कधी कधी त्यापायी तो तिच्यावर उगाच चिडायचाही. आणि ती तर स्वतःचं स्टूल राखत होती.

त्यानं पोत्यातून पाने आणि पुलर काढले, अल्टरनेटर खोलला. जुनं बेअरिंग खेचलं, दांडा पुसला, व्हाइसमध्ये उभा धरला, नवं बेअरिंग वर टेकवलं आणि त्यावर सायकलची नळी ठेवली. डावा हात सवयीनं पकडीकडे गेला. क्षणभर तिथं थांबून तो परत आला आणि नळी त्यानं चिमटीत धरली. 

पहिला ठोका अगदीच हलका पडला. दुसरा बरा. नळीतून बोटांना काही विशेष कळत नव्हतं, ठोका खाली जात होता आणि तिथंच विरत होता. तिसरा, चौथा, पाचवा. त्याला वाटलं, कार्मिनची बोटं वेगळी होती, आपल्याला हे जमायचं नाही. सहाव्या ठोक्याला नळीनं बोटं झटकली. झिणझिणी पार मनगटापर्यंत आली, इतकी स्पष्ट की कोणी हात धरून थांबवावं. हातोडी वर उचललेली तशीच राहिली.

तो थांबला.  पुतळाबाई स्टुलावर बसून रस्ता बघत होती.

"बसलं," बेसिल म्हणाला.

जोडून झालेला अल्टरनेटर पाटीत घालून पुतळाबाई गेल्यावर त्यानं पोतं उलटं केलं. हत्यारं एकेक करून खिळ्यांवर टांगली आणि एलिसाला फोन केला, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळव. ती काय बोलली ते त्याला नीट ऐकू आलं नाही आणि त्यानं पुन्हा विचारलंही नाही. दोन्ही स्टुलं त्यानं पुसली. गेल्या बावीस वर्षांत कुठल्याही दुपारी ठोकताना ती नळी आपण एकदा जरी चिमटीत धरली असती, तर त्या दिवसापासून कार्मिन घरीच राहिली असती. नाही धरली, हे फार बरं झालं.