मच्छिंद्रची फेक

मच्छिंद्र येरमाळ्याच्या बाजूचा. वीस वर्षं शेरडं राखून मग तो आमच्या साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून चिकटला. काम एकच, उसाच्या ट्रॉल्यांना तोंड लावणारी जनावरं हाकलायची. त्यासाठी तो जागचा उठायचा नाही. बसल्या जागेवरून ढेकूळ असं भिरकावायचा की ते म्हशीच्या शिंगाला चाटून जायचं. म्हशीला लागायचं नाही, पण समजायचं.

हा हात बघून कारखान्याच्या पोरांनी त्याला क्रिकेटला नेलं. पंचानं त्याचे ओळीनं नऊ चेंडू नो-बॉल दिले.

"कोपर वाकतंय. ही गोलंदाजी न्हाय, फेक हाय," पंच म्हणाला.

"मग चेंडू काय पोस्टानं धाडू?" मच्छिंद्रनं विचारलं. त्याला सीमारेषेवर उभं केलं गेलं. तिथं तो दोन वर्षं उभा राहिला.

शहाऐंशी साली पावसानं दगा दिला. ऊस नाही, गाळप बंद. बसून राहिलेल्या कामगारांना काही उद्योग हवा, म्हणून क्रीडा अधिकारी अण्णाराव सोलापूरहून बेसबॉलचं सामान घेऊन आले.

"यात फेकायचंच असतंय," त्यांनी मच्छिंद्रला समजावलं.

"आन् कोपर वाकलं तर?"

"वाकू दे."

"साहेब, तेवढं कागदावर लिहून द्या."

अण्णारावांनी लिहून दिलं.

धाराशिवच्या मैदानावर दुसऱ्या एका कारखान्याशी सामना ठरला. खेळणाऱ्याला दिवसाची हजेरी मिळणार होती. नियम सोपा होता. फलंदाजाला तीन संधी, तिन्ही हुकल्या की बाद. असे एकवीस गडी बाद करायचे, तेच गडी फिरून फिरून येणार. मैदानातले चारही टप्पे पळून गाठले की एक धाव. फलंदाजामागं चेंडू झेलायला बॉयलरवरचा शांतलिंग बसला. तो मच्छिंद्रचा जुना दोस्त.

पहिला चेंडू शांतलिंगच्या हातमोज्यात फाडकन वाजला. फलंदाजानं पंचाला विचारलं, "टाकला का?" पंचानं मान डोलावली. मग फलंदाजानं आणखी दोनदा हवेत बॅट फिरवली आणि तो निघून गेला. पुढचे सगळे तसेच आले, तसेच गेले. सुरुवातीला मैदानातले बाकीचे सात जण दबा धरून उभे होते. नंतर दोघं खाली टेकले, एकानं खिशातले फुटाणे काढले. कुणाकडंच चेंडू येईना. मच्छिंद्रला मात्र समोर शिंगंच दिसत होती. उन्हात इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आमच्याही फलंदाजांना काही जमत नव्हतं. शेवटी कसाबसा तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलेला शांतलिंग, समोरच्या झेलणाऱ्याच्या हातून चेंडू मागं निसटला तेव्हा धोतर सावरत पळाला. तेवढी एकच धाव झाली. एकविसावा गडीही बॅट न लागता बाद झाला आणि सामना संपला.

कारखान्याचे चेअरमन नाराज होते. षटकार बघायला म्हणून ते पाव्हणे घेऊन आले होते.

"ह्यात झालं काय?" त्यांनी विचारलं. "धाव कुणी काढली?"

"शांतलिंगनं."

मग बक्षिसाची पितळी कळशी शांतलिंगला मिळाली. पण त्याचा डावा हात सुजून भोपळ्याएवढा झाला होता. त्याला ती धरवेना, म्हणून फोटोपुरती मच्छिंद्रनं धरली.

दुसऱ्या दिवशी शांतलिंगच्या हाताला प्लास्टर पडलं. त्याची बायको नागम्मा थेट मच्छिंद्रच्या दारात आली.

"भावजी, आमची म्हैस यांच्याशिवाय कुणाला हात लावू देत न्हाय. हात तुमी मोडलाय. आता धार तुमीच काढा."

मच्छिंद्र बादली घेऊन गेला. पहिल्या दिवशी म्हशीनं त्याला लाथ मारून गव्हाणीत बसवलं, दुसऱ्या दिवशी बादली उडवली. तिसऱ्या दिवशी तो तिच्या कानाशी बराच वेळ काही बोलत उभा राहिला आणि खाली बसला. म्हैस हलली नाही.

"काय सांगितलंत तिला?" खाटेवरून शांतलिंगनं विचारलं.

"म्हणलं, बाई, एकवीस गड्यांनी मला हात लावला न्हाय. तू एकलीच भेटलीस."